मुलांना तेलुगूत बुडवावे

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. कुठल्याशा अर्जात ‘मातृभाषा’ असा रकाना आहे, त्यात काय भरू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. ती म्हणाली, आईनेच तुला विचारायला सांगितलंय. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, माझ्याशी मराठीत बोलते, नवऱ्याशी मराठीत भांडते आणि तेलुगूत फक्त देवाचं म्हणते, तेही अर्धं. मी ‘गॅसवर दूध आहे, नंतर सांगते’ म्हणून फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं. सगळी नोकरी मी मराठी शिकवण्यात घालवली, वर्गात काना-मात्रा चुकला तर मुलांना दहादा लिहायला लावलं, आणि ह्या चार अक्षरांपुढे मी अजून गडबडते. ही गडबड मुळात सुरू झाली ती एकोणिसाव्या वर्षी, सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या दीड खोलीच्या घरात. त्या वर्षाबद्दल मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. आता सांगते, पण मला त्यातलं सगळं कळलंय असं समजू नका.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचं शेड होतं. सकाळी माग सुरू झाले की भिंतीवरची भांडी हलायची, आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची आम्हा सगळ्यांना सवय लागली. आमच्या घरात कुणी कुणाच्या कानात काही सांगितलेलं मला आठवत नाही. गुपितसुद्धा ओरडून सांगायचं. बापू, म्हणजे माझे वडील, त्याच शेडमध्ये चादरीच्या मागावर होते. अव्वा बिड्या वळायची. अव्वा म्हणजे माझी आई. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्या शब्दावर येऊन अडणार आहे. अव्वाच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, पायाशी ओल्या पोत्यात गुंडाळलेली उरलेली पानं. त्या ओल्या पानांचा वास, तंबाखूची शिंक आणि चुलीवर चिंचेची फोडणी, हे तिन्ही एकत्र आलं की आमचं घर झालं. उन्हाळ्यात रोज पच्चिपुलुसु असायचं. चिंचेचं कच्चं पाणी, त्यात चिरलेला कांदा, मिरची, वरून जिऱ्याची फोडणी. ते भातावर ओतून घ्यायचं आणि ताटातून नदी वाहायच्या आत खाऊन टाकायचं.

भाषेचं म्हणाल तर घरात खिचडी होती. रागवायचं तेलुगूत, मोजायचं मराठीत. किराणा दुकानदार दख्खनी उर्दू बोलायचा, त्याच्याशी आम्ही दख्खनी बोलत असू. पलीकडच्या गल्लीतली दूधवाली कन्नड, तिच्याशी अव्वा कन्नड बोलायची, निदान अव्वाला तसं वाटायचं. ह्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. अव्वाचं बोलणं मी इथे मराठीत देणार आहे, पण कुठल्या मराठीत द्यावं हाच पहिला घोळ. तिचं तेलुगू पुस्तकातलं नव्हतं, गल्लीतलं होतं, म्हणून तिला मराठीही गल्लीतलंच देते. उगाच तिच्या तोंडी शुद्ध वाक्यं घातली तर ती वरून मला शिव्या घालेल.

मी चौथीपर्यंत गल्लीतल्या तेलुगू शाळेत होते. पाचवीला अव्वाने मला तिथून उचललं आणि मराठी शाळेत टाकलं. तिथे पहिले सहा महिने मी तोंड उघडलं नाही. नंतर उघडलं ते असं, की निबंधात पहिली येऊ लागले. डी.एड. केलं तेही मराठीतून. ते संपलं त्या वर्षी नोकरी कुठेच नव्हती. अव्वाने मला मुदत दिली.

“दसऱ्यापतुर बघ. लागली नोकरी तर लागली. न्हाय तर माझ्या शेजारी बस सूप घिऊन. तुझ्या बोटाला वळण हाय, लई शिकून वाया जायला नको.”

ती हे चेष्टेत बोलली नाही. माझ्यासाठी दुसरं सूप तिने आणूनही ठेवलं होतं, भिंतीला टेकवून. मला त्या सुपाची भीती वाटायची. बिड्या वळण्यात कमीपणा आहे असं मी तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. पण मला बाई व्हायचं होतं. खडू हातात धरायचा होता. ते सोडून दुसरं काही मला त्या वर्षी सुचत नव्हतं.

जूनमध्ये राजेशम सर घरी आले. ते तेलुगू शाळेचे मुख्याध्यापक, माझेही जुने गुरुजी. सायकलवरून यायचे, पँटला पायाशी क्लिप लावलेली, खिशात दोन पेनं. सरांची शाळा आटत चालली होती. आयाबाया मुलांना मराठी शाळेत घालत होत्या, अगदी माझ्या अव्वासारख्या. जी मुलं यायची ती गल्लीत खेळून खेळून निम्मी मराठी झालेली. सरांच्या डोक्यात एक योजना होती. पहिलीच्या आधी एक शिशुवर्ग काढायचा. त्यात सकाळी फाटकातून आत आल्यापासून दुपारी बाहेर पडेपर्यंत एकही शब्द मराठी नाही. गाणी, गोष्टी, अंक, डबा खाणं, रडणं, सगळं तेलुगूत. वर्ग त्यांनी व्हरांड्यात सुरूही केला होता. पण शिक्षण मंडळाची मंजुरी नव्हती, आणि मंजुरीशिवाय बाईंची नेमणूक करता येत नव्हती. मंडळाच्या पर्यवेक्षकांनी म्हटलं होतं, तेलुगूतच का, ते मराठीत दोन पानांत लिहून द्या. अशा लिहून देण्याला ते ‘भूमिका’ म्हणत.

“शाळेत एकालाही धड मराठी लिहिता येत नाही,” सर तेलुगूत म्हणाले. “तू लिही. मंजुरी आली की वर्ग तुझा.”

म्हणजे बघा. तेलुगू का टिकवायची हे सांगायला त्यांना अशी मुलगी लागत होती, जिला तेलुगू शाळेतून काढलं म्हणून मराठी येत होतं. ही गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. मला फक्त वर्ग दिसत होता. मी हो म्हटलं. अव्वा सुपातून मान वर न करता म्हणाली, “दसऱ्यापतुर.”

पहिली भूमिका सरांनी सांगितली आणि मी लिहिली. सर डोळे मिटून बोलायचे. तेलुगू किती गोड, किती जुनी, तिच्यात किती काव्य. मी ते मराठीत उतरवत गेले. मग ते म्हणाले, सूत जसं रंगात बुडवून ठेवतात, वरवर शिंपडून चालत नाही, तसं पोरांना भाषेत बुडवायचं. तेलुगूत त्याला ‘मुंचालि’ म्हणाले. मला ते फार आवडलं. आमच्याकडे रंगाच्या हौदातून काढलेल्या लडी दोरीवर टांगलेल्या रोज दिसायच्या. मी मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं: ‘ह्या वर्गात मुलांना पूर्णपणे तेलुगूत बुडवावे व पहिल्या वर्षी बाहेर काढू नये.’

कागद घेऊन मी एकटीच कचेरीत गेले. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने तो वाचला, पुन्हा वाचला आणि शेजारच्याला दिला. शेजारचा हसायला लागला. “बाई, शाळा बुडवायला परवानगी लागत न्हाय. पोरं आपली आपण बुडवतात की.” मग आतून पर्यवेक्षक आले. बिराजदार साहेब. उंच, कपाळावर भस्माची पुसट पट्टी, बोलणं संथ. त्यांनी कागद वाचला आणि ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. त्यांनी समासात लाल शाईने लिहिलं: ‘भाषा गोड आहे हे मान्य. कारण लिहा.’

“बाई, हे वर्णन झालं,” ते म्हणाले. “तुमची गोड, माझीबी गोड. पाच वर्षांच्या लेकराला ह्या वर्गानं काय मिळतंय, तेवढं लिवा. आन् त्या बुडवण्याचं तेवढं बघा.”

परत येताना मला रडू येत होतं आणि राग कुणाचा करावा ते कळत नव्हतं. बुडवणं हा शब्द दोन्ही भाषांत तसाच दोन तोंडांचा आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं. तेलुगूतही मुंचडं म्हणजे रंगात बुडवणं आणि एखाद्याचा सत्यानाश करणं, दोन्ही. पण सरांच्या तोंडून ऐकताना मला रंग दिसला होता, नाश दिसला नव्हता. आजही मी तो कागद आठवते तेव्हा त्यातली रेघ मारलेली ओळ खरी कुठल्या अर्थाने होती, ह्याबद्दल माझं मत बदलत राहतं.

दुसरी भूमिका मी स्वतः लिहिली. डी.एड.ची पुस्तकं समोर घेतली आणि ‘मातृभाषा’ हा शब्द गवसला. मला हायसं वाटलं. मूल आईच्या मांडीवर जी भाषा शिकतं, तीत ते भीत नाही. शाळेने तीच बोलावी. नाहीतर लहान मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर राहतं. हे लिहिताना मला पाचवीतले माझे ते सहा महिने आठवत होते आणि अक्षरं आपोआप येत होती. बिराजदारांनी निरोप पाठवला: आता कारण आहे. येऊन बघतो.

तोवर मी व्हरांड्यातला वर्ग घेऊ लागले होते. अकरा मुलं. त्यात माझी धाकटी बहीण सरोजा, पाच वर्षांची, संख्या वाढावी म्हणून मीच नेलेली. अव्वाला ते पसंत नव्हतं, पण दसऱ्यापर्यंत ती गप्प बसणार होती. सरांचा एक नियम होता. पुस्तकं पलीकडच्या राज्यातून यायची, आणि पुस्तकात आई म्हणजे ‘अम्मा’. आमच्या गल्लीतली झाडून सगळी मुलं आईला ‘अव्वा’ म्हणायची. सर म्हणत, ते गावठी आहे, तोंडातून काढून टाक. मी काढत होते. रोज सकाळी मुलांकडून म्हणवून घेत होते, अम्मा, अम्मा. सरोजा हुशार. तिने ते घरी नेलं. एका संध्याकाळी ती दारातून ओरडत आली, “अम्मा! अम्मा!” अव्वा सुपात बघत बिडीला दोरा गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. सरोजा तिच्यासमोर उभी राहून हाका मारत होती आणि अव्वाला त्या ऐकूच येत नव्हत्या, कारण त्या नावाचं आमच्या घरात कुणी नव्हतं. मग सरोजाने तिचा पदर ओढला. अव्वा दचकून म्हणाली, “कुणाला बलावतीस गं?” मी चुलीशी होते. फोडणी जळली एवढंच आठवतं.

बिराजदार साहेब आले तो दिवस पावसाळी होता, व्हरांड्यात झड येत होती म्हणून मुलांना भिंतीला चिकटवून बसवलं होतं. सर नवीन शर्ट घालून आलेले. साहेबांनी खुर्ची नको म्हणून सांगितलं आणि मुलांमध्ये पोत्यावर बसले. माझा कागद हातात. “मला तेलुगू येत न्हाय,” ते म्हणाले. “पण ह्यात लिवलंय, आईची भाषा. मग पुस्तकातली आई दाखवा की.” सरांनी घाईने पुस्तक उघडलं. पान घरातल्या माणसांचं होतं. प्रत्येक चित्राखाली नाव. साहेबांनी बोट ठेवलं ते नेमकं उजवीकडच्या चित्रावर. पांढरे केस, वाकलेली कंबर, हातात काठी. “हे काय लिवलंय?” मी वाचलं. पुस्तकात आजीला जो शब्द होता तो. “अव्वा,” मी वाचलं.

मग सरोजा उठली. ती चित्राकडे बघत होती. “न्हाय!” ती मराठीत ओरडली. भ्याली की ती मराठीत जायची, गल्लीतल्या बऱ्याच मुलांसारखी. “माझी अव्वा म्हातारी न्हाय! माझी अव्वा अशी न्हाय!” तिचं बघून बालामणी नावाची दुसरी मुलगी रडायला लागली, मग तिसरी. सगळ्यांना वाटलं, शाळेने त्यांच्या आया म्हाताऱ्या करून टाकल्या. सर तेलुगूत समजावत होते, अव्वा म्हणजे आजी, आई म्हणजे अम्मा. जितकं समजावत होते तितका रडण्याचा आवाज वाढत होता.

बिराजदार साहेबांनी सरोजाला जवळ घेतलं. “खरं हाय तुझं,” ते म्हणाले. “मीबी माझ्या आईला अव्वाच म्हणतो की. कन्नडमधी.” मग माझ्याकडे वळले. आवाजात चीड नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. “बाई, तुमी लिवलंय ते मला पटलंय. पण हे पुस्तक कुणाच्या आईच्या भाषेत हाय? ह्या पोरींच्या तर न्हाय.” सर म्हणाले, “साहेब, ते शुद्ध भाषा हाय.” साहेब म्हणाले, “असंल. मग भूमिकेत तसं लिवा. आई काढून टाका.” जाताना त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

त्या संध्याकाळी मी तो कागद अव्वाला वाचून दाखवला. का वाचला ते मला माहीत नाही. तिला आमच्या कागदी मराठीतलं निम्मं कळत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक वाक्य तेलुगूत सांगत होते, आणि सांगताना माझ्या तोंडी आपसूक तिचंच तेलुगू येत होतं, शाळेतलं नाही. ‘मातृभाषा’चं तेलुगू मी काय करणार? ‘अव्वा भाषा’ म्हटलं. तिचे हात थांबले. अव्वाचे हात थांबलेले मी आयुष्यात तीन-चारदा पाहिले असतील, त्यातली ही एक वेळ.

“माझी भाषा?” ती म्हणाली. “माझी भाषा साळंत शिकवनार हाईस तू? म्या सरांच्या पुडं तोंड उघडलं तर ते म्हंतात, नीट बोल. तुला पाचवीत का काढलं ठावं हाय का? पालक बलावले हुते. म्या बोलले, तर त्या मास्तरणीनं पोरांसमूर माझं बोलनं सुदारलं. माझंच तेलुगू, तेलुगू साळंत. मग म्हनलं, दुसऱ्याची भाषाच शिकायची तर मराठी शीक, पोटाला तरी मिळंल.”

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की अव्वाला तेलुगूचा कंटाळा आहे. मला तिची लाज वाटली होती कधीकधी, आणि त्या क्षणी माझी स्वतःची वाटली. पण खरं सांगते, डोकं काही स्वच्छ झालं नाही. उलट जास्त गढूळ झालं. सरांची भाषा खरी की अव्वाची? पुस्तक नसलेल्या भाषेत वर्ग चालतो का? आणि अव्वाच्या भाषेत शिकून मुलगी पुढे कुठे जाणार? अव्वा खरं बोलत होती, सरही खोटं बोलत नव्हते, आणि दसरा जवळ आला होता.

तिसरी भूमिका मी अव्वाशेजारी बसून लिहिली. ती बिड्या वळत होती आणि मी विचारत होते, ह्याला काय म्हणतेस, त्याला काय म्हणतेस. पाण्याचे, अंगणाचे, दुखण्याचे, लाडाचे शब्द. ती आधी लाजली, मग तिला जोर चढला, शेजारणी येऊन बसल्या आणि एकमेकींचे शब्द दुरुस्त करू लागल्या. मी लिहिलं, की ह्या वर्गाने पहिलं वर्ष मुलांच्या आया बोलतात तेच तेलुगू बोलावं, घरचे शब्द फळ्यावर लिहावेत, आणि त्यांच्या बोटाला धरून पुस्तकाच्या भाषेकडे न्यावं. वर्गातली बाई अशी असावी की जी बोलायला लागली तर मुलांना घरातलंच कुणी बोलतंय असं वाटेल. सरांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ घातलाच नाही. “लोक हसतील आपल्याला,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी पोरांची तोंडं घासली, पद्मा.” पण त्यांनी सही केली. त्या सहीची किंमत तेव्हा मला कळली नाही. माझं लक्ष दसऱ्यावर होतं.

कचेरीत बिराजदार साहेबांनी दोन्ही पानं माझ्यासमोर वाचली. “ही मंजूर होनार,” ते म्हणाले. “वेळ लागंल. वर जायला पायजे. पण बाई, एक विचारू का? तुमचं मराठी आमच्या कैक मास्तरांपेक्षा चांगलं हाय. आमच्या मराठी शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात. सोमवारपासून याल का?” ते चांगलं करायला गेले. माझी परिस्थिती त्यांना दिसत होती. मी हो म्हटलं. विचार करून म्हटलं असं सांगायला मला आवडेल, पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हटलं. मंजुरी येईपर्यंत तिथे, मग इथे, असं मी मनाशी म्हणत घरी आले. अव्वाने दुसरं सूप शेजारणीला देऊन टाकलं आणि गल्लीत साखर वाटली.

मंजुरी आली ती दिवाळीनंतर. राजेशम सर स्वतः पत्र घेऊन आमच्याकडे आले. अव्वाने त्यांना जेवायला वाढलं. ते जेवले, हात धुतले, आणि विचारलं, “कधीपासून येतेस?” त्या आधीच्या आठवड्यात मला मराठी शाळेत पुढेही ठेवायचं ठरलं होतं. मी ते सांगितलं. मागच्या शेडमध्ये माग चालू होते, म्हणून मला ते मोठ्याने सांगावं लागलं. सरांनी खिशातून माझी ती दोन पानं काढली, ज्यांच्यावर आता शिक्का होता, आणि बाईसंबंधीच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मग हे कुणी लिहिलं?” त्यांनी विचारलं.

सरांनी पलीकडच्या राज्यातून एक बाई आणल्या. चांगल्या होत्या, प्रेमळ होत्या, पण त्यांची भाषा पुस्तकाची. आणि गल्लीतल्या आयांनी काय केलं? त्यांना वाटलं, पद्माक्का मराठी शाळेत आहे, म्हणजे तिथे आपल्या पोरींना समजून घेणारं माणूस आहे. एकेकीने मूल व्हरांड्यातून काढलं आणि माझ्या वर्गात आणून बसवलं. पहिली आणली ती अव्वाने, सरोजा. मंजूर झालेला वर्ग दोन वर्षांत बंद पडला. तो माझ्यामुळे बंद पडला असं मला कुणी कधी म्हटलं नाही, सरांनीही नाही.

बालामणी माझ्या वर्गात आली तो तिचा दुसरा किंवा तिसरा दिवस असेल. मी फळ्यावर लिहीत होते. आमच्या मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. त्या अधूनमधून नव्या बायांचा वर्ग असा दारातून बघत. मला पक्कं करायचं की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. बालामणी बाकातून उठली आणि माझ्याजवळ आली. तिच्या दृष्टीने मी बाई नव्हतेच, गल्लीतली पद्माक्का होते. तिने माझी साडी ओढली आणि म्हणाली, “अक्का, ओंटिकि पोता.” एकीला जाते, असं. अव्वाच्या भाषेत. तो शब्द मीच दसऱ्याआधी शेजारणींकडून विचारून वहीत लिहून घेतला होता.

मी दाराकडे पाहिलं आणि म्हटलं, “मराठीत सांग.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने पाय जुळवले, फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत धरला. ती शब्द शोधत होती हे मला स्पष्ट दिसत होतं. वर्गातल्या मराठी मुली बघत होत्या. सरोजा बाकावरून अर्धी उठली होती, सांगू की नको अशी. मी थांबले. किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. मग फरशी ओली झाली, तिच्या पायांखाली, माझ्या चपलेपर्यंत. कुणीतरी हसलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “असू दे हो, शिकेल हळूहळू,” आणि पुढच्या वर्गाकडे गेल्या. मी कोपऱ्यातलं पोतेरं आणलं आणि खाली बसून पुसू लागले. दारात आता कुणी नव्हतं. मी तिच्या पायाशी वाकून, हळू आवाजात, आमच्या तेलुगूत म्हटलं, “एडवकु, बालामणी.” रडू नकोस.

तिने डोळे पुसले आणि मला मराठीत उत्तर दिलं.

“व्हय, बाई.”